गप्पाबादेची पडझड आणि आत्यासाहेबांची झलकपुरावरील स्वारी

श्री. हुजूरचे आज्ञेवरोन हकिकत लिहिली ऐसी जे: गप्पाबाद नामे समाजमाध्यमाची पातशाही एके काळी ऐसी नांदती होती की, ताट मांडिले तरी घास पोटी जाण्याआधी त्याचा फोटो तेथे रुजू व्हावा. ती पातशाही कैसी ओस पडली, आणि त्या धामधुमीत आत्यासाहेबांनी आपला भाचा कैसा राखिला, ते आम्ही, त्यांचे यजमान, चष्मा शोधणे आणि मोबाइल चार्जिंगास लावणे या दोन कामांवर नेमलेले, डोळां देखिले तैसे लिहितो.

प्रथम तेथे तरणी मंडळी वसली. मग त्यांचे साहेब आले, आणि आजारी म्हणोन रजा टाकिलेले कारकून समुद्रकिनारी सापडले. मग गाद्या विकणारे आले आणि दर तिसऱ्या फोटोआडोन गादी निघो लागली. सरतेशेवटी वडीलधारी मंडळी दाखल जाहली, त्यांत बिनीस खासा आत्यासाहेब. या तीस साल इस्पितळाच्या मेट्रन. फोटो पाहोन दुखणे ओळखावे ही खोड. कोणी लग्नाचा फोटो टाकिला, तर खाली कमेंट पडे, 'नवऱ्या मुलाचं थायरॉईड तपासून घ्या.' तरण्या मंडळींनी खलबत केले आणि एकेक करोन झलकपूर नामे नव्या मुलखी कूच केले. जुने खाते कोणी मोडिले नाही, फक्त जाणे सोडिले. पातशाह्या लढाईने थोड्या बुडतात. बहुतेक ऐशाच बुडतात, कोणास न सांगता.

गेलेल्यांत भाचेसाहेब होते. हे परमुलखी एका कचेरीत घरांचे नकाशे काढीत आणि भाड्याचे खोलीत एकटे राहात. आई गेल्यापासोन त्यांस आत्यासाहेबांनीच वाढविले होते, आणि रोज सकाळी गप्पाबादेत त्यांचे तोंड पाहोन मग दिवस सुरू करावा, ऐसा शिरस्ता होता. दोन महिने तोंड दिसेना. व्हिडिओ कॉल ते घेत ना, फोनवर इतकेच की, 'मजेत आहे गं आत्या, मीटिंगमध्ये आहे.' आत्यासाहेब आम्हांस म्हणाल्या, 'आवाज ओढलेला आहे त्याचा. मला तो दिसायला हवा.' त्यांचा जीव टांगणीस लागला, तो आम्हांस पाहवेना.

मग झलकपुरावर स्वारी मुक्रर जाहली. पासवर्ड दोन वेळां नामंजूर जाहला, आमचा चष्मा त्यांनी आणि त्यांचा आम्ही चढविला, आणि तिसरे प्रहरी दरवाजा उघडला. आत पाहतात तों सगळा मुलूख गोरापान! प्रत्येक मुखावर फिल्टर, आणि भाचेसाहेबांचे गाल तर डाळिंबासारखे. खाली तीनशे लाइक. आत्यासाहेब क्षणभर खचल्या. मग दोन बोटांनी फोटो ताणीत ताणीत गालांवरोन खांद्यावर, खांद्यावरोन कचेरीचे टेबलाशी उतरल्या. तेथे कॉफीचा कप धरिलेला हात होता, आणि फिल्टरची हद्द मानेपावेतोच होती. हात पिवळा.

तत्क्षणी फर्मान सुटले: 'गालांचं राहू दे. खिडकीशी उभा राहा, डोळ्याची खालची पापणी ओढ आणि फोटो पाठव. फिल्टर लावलास तर मी गाडीत बसते.' भाचेसाहेबांनी जबाबी हसरे तोंड पाठविले. आत्यासाहेबांनी काढलेले तिकीट पाठविले. मग मुकाट्याने डोळ्याचा फोटो रुजू जाहला. कावीळ. त्याच दिवशी भाचेसाहेब इस्पितळी दाखल जाहले आणि डॉक्टर बोलिले की, आणखी आठवडा अंगावर काढता तर महागात पडते. हे ऐकोन आत्यासाहेब आमचे खांद्यावर डोके टेकोन रडल्या; तीस सालांत प्रथमच पाहिले.

भाचेसाहेब बरे होतांच तह जाहला, तो ऐसा की, झलकपुरी गालांचे मर्जीस येईल तैसे करावे, परंतु रोज सकाळी एक फोटो, बिनफिल्टर, ओसाड गप्पाबादेत आणोन दाखवावा. पहिले दिवशी भाचेसाहेबांनी फोटोखाली लिहिले, 'आत्या, इथे आता आपल्या दोघांशिवाय कुणीच नाही गं.' आत्यासाहेबांनी ते दोन वेळां वाचिले आणि उत्तर रवाना केले, 'बरंच झालं. जीभ दाखव.'

भाचेसाहेबांनी जीभ दाखविली. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, ती दफ्तरी नमूद असे.