डाव्या पायाची वहाण

रंगनाथमामांची ओळख दुसऱ्या कुणी करून दिलेली मामांना चालत नसे. ते काम ते स्वतःच करत, आणि ते उभ्याने ऐकून संपण्यासारखं नसे. "नगर जिल्ह्यात नजर म्हणून जी चीज आहे," ते सांगत, "ती दोघांकडेच आहे. एक घार, आणि दुसरा सदरहू इसम." सदरहू इसम म्हणजे ते स्वतः. ते नगरच्या कोर्टात बेलीफ होते. गावोगाव समन्स बजावत हिंडता हिंडता लोकांची दारं ठोठावून ठोठावून दारामागचा गुन्हा आपल्याला वासावरून कळतो, अशी त्यांची खात्री झाली होती. पोलीसखातं आपल्याला वचकून असतं, असंही ते सांगत. पोलीसखात्याला हे कुणी कळवलेलं नव्हतं.

त्यांचे तपास गाजलेले होते. राहात्याच्या बाजारात हरवलेली छत्री त्यांनी दिवसभर शोधून संध्याकाळी स्वतःच्याच काखेतून हस्तगत केली होती. शेजारणीची पितळी बादली विहिरीत पडली आहे, हे त्यांनी शास्त्रशुद्ध रीतीने सिद्ध केलं, तेव्हा शेजारीण ती बादली गळाने काढून, घासून, तिच्यात पाणी भरून मोकळी झाली होती.

या सगळ्या तपासांत मदतनीस म्हणून मागे उभा असे तो त्यांचा भाचा गोरक्ष. हे पद त्याने मागितलं नव्हतं. आईने आपल्या भावाला तो देऊन टाकला होता, जुनं धोतर पोतेऱ्याला द्यावं तसा. मामांचं तडा गेलेलं भिंग धरायचं आणि योग्य जागी "व्हय मामा" म्हणायचं, एवढंच काम. मामांसमोर दुसरं कुठलंही वाक्य न बोलता गोरक्ष लग्नाच्या वयाला आला होता.

आणि लग्न तर त्याला करायचंच होतं, तेही कोल्हारच्या केशरशीच. मुलगी बघायला गेला तेव्हा तिने पोह्यांची बशी पुढे करताना सरळ त्याच्याकडे बघितलं होतं, आणि त्या दिवसापासून गोरक्षला जेवणात मीठ आहे की नाही हे कळेनासं झालं होतं. आता सुपारी फोडायची, की सोयरीक पक्की. बहात्तरचा दुष्काळ चालू होता, रेशनवर मिलो नावाची लाल परदेशी ज्वारी मिळत होती, प्रवरेत वाळू जास्त आणि पाणी कमी होतं. पण माणसं लग्नं जुळवायची थांबत नाहीत. गोरक्ष, त्याचे वडील बन्सीआबा आणि रंगनाथमामा असे तिघे राहात्याहून एसटीने कोल्हारला आले. मामा येण्याचं काही कारण नव्हतं. पण आईने सांगितलं होतं, "माझा भाऊ बरोबर असला म्हंजी मला घोर न्हाई." घोर बाकीच्यांना होता.

त्या भागात शहाणा माणूस सोयरीक करताना आधी गोठा बघतो, मग पोरगी. जनावर तुकतुकीत असलं की समजायचं, घरात खायला आहे. म्हणून केशरचे वडील मच्छिंद्र यांनी आपली हरणी गाय मागच्या छपरातून सोडून, धुऊन, शिंगांना गेरू लावून ऐन दाराशी बांधली होती. पाहुण्यांच्या वहाणाही रीतीप्रमाणे दाराशीच सुटल्या. बन्सीआबांच्या वहाणा खास या दिवसासाठी करून घेतलेल्या, लाल गोंड्याच्या, कर्रकर्र वाजणाऱ्या होत्या. तो आवाज झाल्याशिवाय आपण चालतोय हे आबांना पटत नसे.

चहा झाला. दूध घट्ट आहे म्हणून मामांनी तो पुन्हा मागून घेतला, आणि तिसऱ्यांदाही. पाटावर सुपारी मांडली. आबा पान थुंकायला बाहेर गेले आणि तिथूनच त्यांचा आवाज आला.

"आरं, माझी डावी वहाण कुठं गेली?"

स्वयंपाकघरात केशरच्या आईच्या, मनकर्णाबाईंच्या हातातली कपबशी वाजली. मच्छिंद्र एकाएकी छताचं आढं न्याहाळू लागले. मच्छिंद्रांची थोरली बहीण लंकाबाई, जिने जन्मात कधी तोंड मिटलं नव्हतं, तिने ते मिटलं.

"जागचं कुणी हलायचं नाही!" म्हणत मामा अंगणात आले, आणि पाठोपाठ सगळे. "दाजी, तुम्ही आता फिर्यादी. गोरक्ष, भिंग!"

"व्हय मामा," म्हणत गोरक्षने भिंग पुढे धरलं.

"कुत्र्यानं नेली आसंल जी," मनकर्णाबाई घाईने म्हणाल्या. "आमचा मोत्या लई वांड हाय."

वांड मोत्या उन्हात आडवा पडला होता. नाकावर बसलेली माशी उडवण्याइतकाही उत्साह त्याच्यात उरलेला नव्हता. मामांनी त्याला भिंगातून डोक्यापासून शेपटीपर्यंत तपासलं. "निर्दोष. अपराधी कुत्रा शेपूट घालतो. याने घातलेली नाही." शेपूट हलवायची मोत्याची ताकदच गेली आहे, हे मामांच्या नजरेतून सुटलं.

"रंगनाथ," आबा चाचरत म्हणाले, "गाय हितं दाराशीच बांदलीय. तिनं तर न्हाई..."

"गाय!" मामा असे हसले, की आबांनी अंग चोरलं. "दाजी, गाय शाकाहारी. गवत, कडबा, पेंड. ती चामडं खाईल? तेही स्वतःच्या बहिणीचं? तरी तपास म्हणजे तपास." त्यांनी हरणीचा ओठ वर केला आणि ते दचकून मागे सरले. "अरेच्चा! वरचे पुढचे दातच नाहीत. एकही नाही! मच्छिंद्रराव, म्हातारी बोळकी गाय सजवून दाराशी बांधता? त्याचं कलम वेगळं, ते नंतर बघू. पण बोळकं जनावर चामडं खाऊ शकत नाही. गाय निर्दोष!"

हरणी चार दाती होती, म्हणजे ऐन तारुण्यात. अंगणातल्या प्रत्येकाला ते एका नजरेत कळत होतं. पण मच्छिंद्रांनी मान खाली घालून सांगितलं, "व्हय जी. म्हातारीच हाय बिचारी." आबांनी बोलायला तोंड उघडलं, बायको डोळ्यांपुढे आली, आणि त्यांनी ते मिटलं.

तेवढ्यात गोरक्षला दिसलं. हरणीच्या ओठाच्या कडेला लाल गोंडा लोंबत होता. तिने शांतपणे जीभ बाहेर काढली, गोंडा आत घेतला आणि पुन्हा चघळायला लागली.

गोरक्ष बोलणार, एवढ्यात त्याची नजर चौकटीकडे गेली. तिथे केशर उभी होती. तिने मान हलवली. नको. तिच्या डोळ्यांत इतकी काकुळती होती, की गोरक्षने ओठ आवळून घेतले. लग्नाआधीच आज्ञा पाळणारा नवरा मिळणं हे मुलीचं भाग्य, पण तिच्या काकुळतीलाही कारण होतं. दुष्काळाचं साल. ज्या घरची गाय चामडं खाते, त्या घरात गाईला चारा मिळत नाही, असं लोक म्हणणार. ज्या घरात गाय उपाशी, तिथली पोरगी कोण करणार? शिवाय त्याच गाईच्या दुधाचा चहा सगळ्यांच्या पोटात होता. मामांच्या तर तीन कप.

मामा मात्र भरधाव सुटले होते. "चोराने एकच वहाण नेली. का? कारण त्याला एकच पाय आहे!" त्यांची नजर मच्छिंद्रांच्या लंगडण्यावर स्थिरावली. "पाव्हणं, पायाला काय झालं?"

"बैलानं पाय दिला हो परवा."

"बैलाची साक्ष काढावी लागेल. पण तुम्हाला पाय दोन दिसतात." दुसरा पाय चाचपून बघून मामांनी तो सिद्धांत नाइलाजाने सोडला. "मग डावीच का? उजवी का नाही? लिंबू, बिब्बा आणि डावी वहाण! भाच्या, ही करणी आहे. नवऱ्या मुलाच्या बापाला मुठीत ठेवण्यासाठी." आणि त्यांचं बोट गर्रकन फिरून लंकाबाईवर थांबलं. "या बाईने वहाण गेल्यापासून एक शब्द काढलेला नाही!"

तो दोष लंकाबाईने लगेच भरून काढला.

"आरं मुडद्या, आमच्या दारात बसून तीन-तीन डाव च्या ढोसलास आन् मला चेटकीन म्हन्तूस? मी करनी करती व्हय? करनी येत आसती तर आदी तुजी जीब उचलून कावळ्यास्नी घातली आसती! मच्छिंद्र, उचल ती सुपारी. आसल्या घरात आपली लेक द्यायची न्हाई!"

"लंकाबाई, आसं करू नगा," आबा हात जोडू लागले. "रंगनाथ, तू गप बस."

"दाजी, गुन्हेगार सापडला की असाच ओरडतो," मामा समाधानाने म्हणाले.

मच्छिंद्रांनी दारातून आतल्या पाटावरच्या सुपारीकडे बघितलं. मग बहिणीकडे, आणि चौकटीतल्या लेकीकडे. "आक्काला काई बोलू नगा. वहाण म्या घेतली."

मामांनी गोरक्षच्या हातातलं भिंग घेऊन मच्छिंद्रांवर रोखलं.

"कशासाठी?" मामांनी विचारलं.

"आवडली मला. गोंडा लई झ्याक हुता."

"कुठे आहे?"

"परवरंच्या... पान्यात टाकली."

"पाणी कुठाय प्रवरेला?"

"मंग वाळूत पुरली."

"कबुलीजबाब!" मामांनी भिंग खिशात घातलं. माणूस अंगणातून हललेला नाही, प्रवरेला जाऊन आला कधी, असल्या बारीकसारीक गोष्टींत ते शिरत नसत. "दाजी, उठा. चोराच्या घरची मुलगी माझ्या बहिणीच्या घरात येणार नाही."

आबा उठले. एका पायात वहाण घालून ते इतके केविलवाणे दिसत होते, की गोरक्षला रडूच आलं. ज्या मच्छिंद्रांनी आयुष्यात कुणाची काडीही उचलली नसेल, ते भर अंगणात स्वतःला चोर म्हणवून घेत होते. आणि का, तर गाईचं नाव येऊ नये म्हणून. गोरक्षला मामांचा भयंकर राग आला. पण तोंडाला सवय एकाच वाक्याची.

तेव्हा केशर चौकट ओलांडून बाहेर आली. सरळ हरणीपाशी गेली, तिच्यापुढच्या कडब्यात हात घातला, आणि लाळेने भिजलेला, कडेने कुरतडलेला वहाणेचा तळ बाहेर काढून तिने मामांसमोर आपटला.

"ही घ्या तुमची वहाण. माज्या बापाला चोर म्हनायचं काम न्हाई. हरनीनं खाल्लीय."

"केशर!" मनकर्णाबाई ओरडल्या.

"न्हाई आये, आता सांगनार. लोक म्हनत्यात चारा न्हाई म्हनून चामडं खाती. पोटभर कडबा खाती ती. पर नुसता वाळका कडबा. वल्या चाऱ्यात जे आसतं ते त्याच्यात नसतंय. ढोरांच्या डाक्टरनं सांगितलंय, हाडाला लागनारं अंगात कमी पडलं की गाय हाडकं चगळती, चामडं चगळती. हाडाची पूड आन् मीठ चालू केलंय, पर खोड लगेच जाती व्हय? म्हनून मागं बांदतो तिला. आज तुमास्नी दाखवायला पुढं आनली."

"अशक्य!" मामा गरजले. "गाय बोळकी आहे. मी स्वतः तपासलंय. वरचे दात नाहीत. दात नाहीत तर चामडं खाल्लं कशाने? ही मुलगी बापाला वाचवण्यासाठी पुरावा तयार करते आहे. तळ लाळेने भिजवलेला आहे, आणि लाळ कुणाचीही असू शकते! काय रे गोरक्ष?"

सगळ्यांनी गोरक्षकडे बघितलं. केशरनेही.

"न्हाई मामा," गोरक्ष म्हणाला.

आपल्या ऐकण्यात चूक झाली, असं मामांना वाटलं. "काय म्हणालास?"

"न्हाई म्हनालो. कुटल्याच गाईला वरचं म्होरचं दात नसत्यात. बैलाला न्हाई, म्हशीला न्हाई, शेळीला न्हाई. तितं नुसती कडक हिरडी आसती. दाढा आत आसत्यात, त्यांनी चगळत्यात. ही गाय चार दाती हाय. गोंडा तिच्या तोंडात म्या माज्या डोळ्यांनी बगितला. आन् मच्छिंद्रमामा चोर न्हाईत. तुमी त्यांची माफी मागा."

एवढं बोलून गोरक्षला धाप लागली. मामा त्याच्याकडे असे बघत राहिले, जणू भिंगच बोलायला लागलं होतं. मग त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. आबांकडे, मच्छिंद्रांकडे, लंकाबाईकडे. "कुठल्याच?" त्यांनी हळूच विचारलं.

"कुटल्याच," सगळे म्हणाले.

आबा मटकन खाली बसले आणि पोट धरून हसायला लागले. हसता हसता डोळे पुसून म्हणाले, "मच्छिंद्रराव, आता काय लपवायचं? आमचा खोंड पावसाळ्यापास्नं हाडकं चगळतोय. मोटंचं जुनं कातडं खाल्लं त्यानं सगळं. आन् आमी गावात सांगितलं, मोट चोरीला गेली. म्या तर म्हनत हुतो, तुमी गोठा बगायला आला आन् खोंडाच्या तोंडात हाडूक दिसलं तर तुमी पोरगी द्याल का न्हाई!"

"आन् मी हितं चोर झालो की वो!" मच्छिंद्र म्हणाले, आणि दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून हसू लागले. मनकर्णाबाई पदर तोंडाला लावून रडत होत्या की हसत होत्या, ते कळत नव्हतं. लंकाबाईने स्वतः पाटावरून सुपारी उचलली आणि फोडली. ती तिने अशा जोराने फोडली, की तिच्या मनात सुपारीच्या जागी नेमकं काय होतं याबद्दल कुणाला शंका राहिली नाही.

मामांनी माफी मागितली. म्हणजे "तपासात अशी उलटतपासणी करावी लागते" असं ते म्हणाले, आणि घरच्यांनी ती माफी म्हणून स्वीकारली. एसटीची वेळ होईपर्यंत ते पूर्ववत झाले होते. आपण गाईवर पहिल्यापासून पाळत ठेवून होतो, तोंड उघडून बघणारे आपणच पहिले, असं ते मच्छिंद्रांनाच समजावून सांगत होते. चौथा कप चहा मात्र त्यांनी नाकारला.

आबांनी उरलेली उजवी वहाण हरणीपुढे टाकली आणि मच्छिंद्रांच्या रबरी चपला घालून, अजिबात आवाज न करता, ते रस्त्याला लागले. मामा दारात थांबून पिशवी गोरक्षच्या हातात देत म्हणाले, "भाच्या, झालं गेलं विसरलो मी. नगरला एक मोठं प्रकरण आहे. लग्न झालं तरी तपासाला बरोबर येत जाशीलच ना?"

गोरक्षने तोंड उघडलं. सवयीने "व्हय मामा" ओठांवर आलंच होतं.

"न्हाई येनार ते," चौकटीतून केशर म्हणाली.

गोरक्षने पिशवी मामांच्या हातात परत दिली.