आडवी ढोली

सरसाचा वास, तीन दिवस अंगणातून न गेलेला.

भज्यांच्या तेलानं आरपार दिसू लागलेलं इंग्रजी मासिकाचं एक पान.

सागाच्या बेचाळीस पट्ट्या, बोटभर रुंद.

न झालेल्या तीन भाऊबीजा.

शेण, दोन टोपले.

हे सगळं एका घरात कसं जमलं ते सांगायचं, तर १९७८ च्या श्रावणात एकोडीच्या तलावाच्या पाळीवर जावं लागेल. तिथं यादोराव मासे धरणाऱ्या फकिराला ऐकवत होता, "तुझा डोंगा म्हनजे काय, पोखरलेला ओंडका! मी बनवतो ते नाव पाह्य. पट्ट्यांची! एका हातानं उचलून खांद्यावर टाकीन!"

फकिरानं जाळ्यातलं शेवाळ झटकलं. "उचलाल जी. पन बसाल कुठं?"

साकोलीच्या स्टँडवर यादोरावनं भजी खाल्ली, तेव्हा पुडीच्या कागदावर त्याला ती नाव भेटली. लाकडी साच्यांवर पातळ पट्ट्या एकीला एक चिकटवलेली, पालथी ठेवलेली, काकडीसारखी निमुळती. यादोराव मॅट्रिकपर्यंत गेला होता, मॅट्रिक झाला नव्हता. इंग्रजी त्याला चित्रांपुरतं येई.

पण खरं कारण चित्र नव्हतं. खरं कारण शकुंतलाबाई, त्याची बायको. तिचं माहेर तलावाच्या बरोबर समोर. तिच्या भावाच्या, इश्वरच्या चुलीचा धूर इकडून दिसे! रस्ता मात्र साकोलीवरून फिरून, दोन बसा आणि अर्धा दिवस. ऐन दिवाळीत दोन्हीकडे धानाची कापणी. ना तो येऊ शके, ना ती जाऊ शके. डोंग्यानं जावं, तर सासू गोदावरीबाई म्हणत, "लोळते तो मेला ओंडका. माही सून त्यात बसनार नाई."

गेल्या दिवाळीत, तिसऱ्या वर्षीही शकुंतलाबाईनं चंद्रालाच ओवाळलं. तबक खाली ठेवताना म्हणाली, "चंद्र काई खात नाई अन् काई बोलत नाई."

एवढंच. यादोरावला ते लागलं.

श्रावणात तो तिला म्हणाला, "यंदा तुले नावेतनं नेतो. पन मायले सांगजो नको!"

मायला डोळे होते. पडवीत साच्यांवर पट्ट्या चढू लागल्या तशा गोदावरीबाई येऊन उभ्या राहिल्या.

"काय बनवून राहिला रे?"

"ढोली," यादोराव बोलून गेला. "धान भराले."

"आडवी? ढोली त उभी असते."

"नवीन पद्धत हाय, माय. सरकारी!"

सरकारी म्हटल्यावर गोदावरीबाईंनी पुढं विचारलं नाही. पट्ट्या चिकटवायचा हाडांचा सरस शिजू लागला तेव्हा मात्र गावातली सात कुत्री दारात येऊन अशी बसली, जणू पंगत वाढायला उशीर झालाय! शेजारची धुरपता नाकाला पदर लावून म्हणाली, "यादोभाऊ, ढोली शिजवून खाता का?"

दिवाळीच्या तोंडावर नाव सुलटी झाली. काय देखणी! फक्त काही पट्ट्यांमधून पलीकडचं दिसत होतं. वार्निश फासलं की झालं, म्हणून यादोराव साकोलीला गेला. दुकानदार म्हणाला, डबा उद्या येईल. यादोराव तिथंच मुक्कामाला राहिला.

इकडं दुपारी आभाळ भरून आलं आणि लवकर पिकणारा हलका धान सगळा खळ्यावर!

दुसऱ्या दिवशी तो डबा मिरवत घरात शिरला आणि पडवीत थबकला. नाव होती. आतून बाहेरून शेणामातीनं लिंपलेली, वर हळदीकुंकू, आणि काठोकाठ धान.

"केवढ्या फटी ठेवल्या रे!" गोदावरीबाई कौतुकानं म्हणाल्या. "मी अन् धुरपतानं लिंपून घेतली. दोन टोपले शेन लागलं! पन माल लय मावते हो. सरकारले अक्कल हाय!"

शकुंतलाबाई कोपऱ्यात तोंडात पदर कोंबून उभी. खळ्यावरचा धान तिनंच डोक्यावरून आणून स्वतःच्या नावेत ओतला होता. मायला सांगायचं नाही, असं ठरलं होतं ना!

"उपसू का, माय? जरासा?"

"पूजा झाली तिची! भरल्या ढोलीले कार्तिक पुनवेपर्यंत हात लावत नाईत आपल्या घरी."

भाऊबीज तर परवावर आली होती!

भाऊबीजेच्या सकाळी दोघं दबक्या पावलांनी पाळीवर गेली. तिच्या हातात तबक, त्याच्या हातात लाडवांचा डबा. फकिरानं जराही न हसता डोंगा पुढं ओढला. ते न हसणं यादोरावला फार झोंबलं. तोही पाय टाकू लागला, तसा फकिरा म्हणाला, "तुमी राहा जी. दोघांचंच काम हाय. तुमच्या वजनानं नाई बुडत, बढायांनी बुडन."

"मायले काय सांगाल?" शकुंतलाबाईनं विचारलं.

"सांगीन काईतरी. मी बनवतो ना गोष्टी!"

"तेच तर भेव हाय," ती म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी मोकळं हसली.

यादोराव गोष्ट जुळवत घरी आला. ओट्यावर एक पाहुणा चहा फुंकत बसला होता. मांडीवर लुगड्याचं पुडकं.

"काय ढोली बनवली जी, भाऊजी! मलेही एक बनवून द्या."

इश्वर!

"मीच निरोप धाडला होता," गोदावरीबाई आतून म्हणाल्या. "तीन वर्सं पोरगी चंद्राले ओवाळून राहिली, मले का दिसत नाई? म्हटलं, कापनी राहू दे दोन दिवस, पन ये. बिचारा काल साकोलीत मुक्काम करून आला. हे गोष्ट तुले मुद्दाम नाई सांगितली. तुझ्या पोटात काई राहत नाई. आता सुनेले बलाव. कुठं गेली ते?"

यादोरावनं मेव्हण्याचा हात धरला आणि दोघं पाळीकडं धावले. डोंगा मधोमध पोचला होता, शिंगाड्याएवढा दिसत होता. दोघांनी ओरडून घसा फोडला, दुपट्टे हलवले. शकुंतलाबाईला वाटलं, नवरा निरोप देतोय, सोबत गावातला कोणीतरी आहे. तिनं लाजून दोन्ही हात हलवले. डोंगा लोळता लोळता वाचला. फकिराची शिवी काठापर्यंत स्वच्छ ऐकू आली.

"आता काय कराचं जी?" इश्वरनं विचारलं.

यादोरावनं सदरा काढून त्याच्या हातात दिला.

१९७१ साली, लग्नाआधी, शकुंतलाबाईला चोरून पाहायला तो हाच तलाव पोहून गेला होता.