कोणता पाय, दाजी?

ऑटरकोमच्या पहिल्या संघातून रग्बी खेळायला अंग लागतं, तरुणपण लागतं आणि थोडंफार कौशल्य लागतं. माझ्याकडे अंग होतं. आणि ते असं की बाकीच्या दोन्हींची भरपाई करून वर उरावं! ही फुशारकी नाही. गावातल्या कुठल्याही वजनकाट्याला विचारा.

पण या गावाला माणसाची किंमत नाही. मी मॉरिस टॅपर, हमरस्त्यावर माझं गालिच्यांचं दुकान. क्लबच्या तिसऱ्या संघातून मी उभं तारुण्य चिखलात घातलं, पण पहिल्या संघात पाऊल ठेवायला कोणी बोलावलं नाही. आणि पहिल्या संघातून लीगच्या सामन्यात मैदानात पाऊल ठेवल्याशिवाय क्लबचा हिरवा-तपकिरी टाय मिळत नाही. माझा मेहुणा डेसमंड याच्याकडे तो आहे. एके काळी तो सात मिनिटं मैदानावर होता, त्यातली चार मिनिटं स्वतःचा पडलेला दात शोधत होता. पण टाय तो टाय! लग्नाला तो, मयताला तो, बागेत सॉसेज भाजतानाही तोच. आणि भाजता भाजता मला म्हणणार, "दाजी, तुम्हाला काय कळायचं मोठ्या सामन्याचं दडपण!"

अशा माणसाबरोबर मी वीस वर्षं नाताळचं जेवण जेवतो आहे. माझ्या संयमाची कल्पना करा.

तर यंदाचा हंगाम. आम्ही दुसऱ्या श्रेणीत. पहिल्या श्रेणीतल्यांना पगार मिळतो, तिसऱ्या श्रेणीतल्यांना मजा मिळते. आम्हाला दोन्ही नाही. आमचे खेळाडू दिवसभर नळ दुरुस्त करणार, शाळेत शिकवणार, आणि शनिवारी पहाटे बसमध्ये बसून इंग्लंडच्या दुसऱ्या टोकाला मार खायला जाणार. सप्टेंबरपासून हेच चाललं होतं. वसंत येईपर्यंत आम्ही तळाला, आणि शेवटचा सामना घरच्या मैदानावर, हार्टलबीविरुद्ध. जिंकलो तर वाचलो. हरलो तर तिसऱ्या श्रेणीत!

आणि नेमके त्याच आठवड्यात आमचे प्रॉप संपले.

ज्यांनी रग्बी पाहिली नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. स्क्रम म्हणजे दोन्हीकडचे आठ-आठ जण डोक्यात डोकी अडकवून एकमेकांना रेटतात. पहिल्या रांगेच्या टोकाला जे दोन जाडजूड उभे असतात, ते प्रॉप. मान मोडायची भीती असते, म्हणून तिथे शिकलेलाच माणूस लागतो. आमच्या एकाचा गुडघा गेला. दुसऱ्याने बायकोचा सोफा उचलला आणि त्याच्या कमरेत उसण भरली. तिसरा मास्तर, त्याला शाळेने सहलीबरोबर फ्रान्सला धाडलं. ऐन शेवटच्या सामन्याच्या शनिवारी! असल्या शाळांना काय म्हणावं? उरले ते मैदानात उतरणारे दोघेच, राखीव कोणी नाही.

गुरुवारी आमचा प्रशिक्षक गेथिन दुकानात आला. हा वेल्सचा, उंचीने माझ्या खांद्याइतका, आवाजाने चर्चच्या घंटेइतका.

"मॉरिस, तू प्रॉप होतास ना रे बाबा?"

"होतास? अजून आहे!"

"छान. शनिवारी बाकावर बसशील? राखीव प्रॉप नसेल तर आमच्यावर नियमभंगाचा ठपका येतो."

माझ्या हातातली कात्री खाली पडली. "म्हणजे पहिल्या संघात?"

"बाकावर," गेथिन म्हणाला. "नुसतं बसायचं. तुला आत पाठवायची वेळ आली तर आपण आधीच मेलो असं समज."

मी त्याच्या बोलण्याचा मथितार्थ तेवढा घेतला. दोन दिवस मी दुकानात गुंडाळलेल्या गालिच्यांना खांदे लावून रेटण्याचा सराव केला. गिऱ्हाईकं दारातूनच परत गेली. गेली तर गेली!

शनिवारी मला जर्सी दिली ती बेंबीच्या वर संपत होती. सगळ्यात मोठी म्हणे! प्रेक्षकांतून माझी बायको जॅनिस चहाचा थर्मास हलवत ओरडली, "मॉरिस, बनियन आत खोच!" सगळं मैदान हसलं. हार्टलबीवालेसुद्धा. बाकाशेजारी पाण्याच्या बाटल्यांची पेटी घेऊन डेसमंड उभा. पाणी पोचवायचं काम त्याच्याकडे होतं, आणि अंगातल्या पिवळ्या बंडीखाली त्याने टाय घातला होता.

सामना सुरू झाला, आणि मला मान्य केलं पाहिजे की आमची पोरं जिवावर उदार होऊन खेळली. शेवटची दहा मिनिटं उरली तेव्हा आम्ही दोन गुणांनी पुढे! पण स्क्रममध्ये हार्टलबीवाले आम्हाला दुकानातला माल सरकवावा तसे मागे सरकवत होते. त्यात आमचा प्रॉप किट, पेशाने प्लंबर, खांदा धरून खाली बसला तो उठलाच नाही.

गेथिनने माझी कॉलर धरली. धरली म्हणजे तिला लोंबकळला. "मॉरिस, आत जा. एक स्क्रम कर आणि पाय धरून खाली बस."

"का?"

"अरे, आपल्याकडे दुसरा राखीव प्रॉप नाही. तू बाहेर आलास की नियमाप्रमाणे स्क्रममध्ये रेटारेटी बंद. नुसतं नावाला टेकायचं. आपला एक माणूस कमी होईल, होऊ दे. पण हे आपल्याला गोलरेषेपार रेटत नेतायत ते थांबेल!"

"मग मी न जाताच..."

"तू बाकावर धडधाकट बसलायस तोवर पंच रेटारेटी बंद करणार नाही! म्हणून आत जा आणि मोड."

माझा संताप बघा! सबंध जन्म ज्या क्षणाची वाट बघितली, तो आला आणि मला सांगतात काय, तर लंगड!

"मला ढोंग करायला पाठवतोस?"

"ढोंग कसलं?" गेथिन म्हणाला. "तुझ्याकडे बघून कोणालाही खरंच वाटेल."

आणखी वाद घातला असता तर त्याने मला पाठवलंच नसतं. मी मान डोलावली आणि मैदानात गेलो. लीगच्या सामन्यात! पहिल्या संघातून! टाय माझा झाला होता. आता त्या टायला शोभेलसं काहीतरी करायचं एवढंच उरलं होतं.

स्क्रम आमच्या गोलरेषेपासून हाकेच्या अंतरावर. माझ्यासमोर हार्टलबीचा प्रॉप, कॅलम नावाचा पोरगा, गाल अजून गुलाबी, मान मात्र माझ्या मांडीएवढी. आम्ही वाकलो. त्याने माझ्याकडे काळजीने पाहिलं आणि हळूच विचारलं, "काका, बरं वाटतंय ना?"

काका!

माझ्या अंगात काय संचारलं ते मला माहीत नाही. पंचाची हाक आली, टाळकी भिडली, आणि मी रेटलं. गुडघे कुरकुरले, कानात शिट्ट्या वाजल्या, जर्सी काखेपर्यंत चढली, पण मी रेटलं! आणि आम्ही एक इंचही मागे गेलो नाही. एक इंच नाही! स्क्रम जागच्या जागी थरथरला, कॅलम वरच्या वर उचलला गेला, आणि पंचाची शिट्टी वाजली. पेनल्टी, आम्हाला!

मैदान उसळलं. आमच्या पोरांनी माझ्या पाठीत गुद्दे घातले. आमच्या किकरने चेंडू दूर धाडला. कडेला गेथिन मात्र दोन्ही हातांनी स्वतःचा गुडघा बडवत होता. मी त्याला हात केला. तो आणखी जोरात बडवू लागला. मी दुसरीकडे बघितलं.

थोड्या वेळात चेंडू कोणाच्या तरी हातून पुढे पडला आणि पुन्हा स्क्रम लागला. तेवढ्यात डेसमंड पाणी घेऊन धावत आला.

"कोणता पाय, दाजी?"

"कोणताच नाही."

"गेथिन म्हणतो डावा."

"माझे दोन्ही पाय ठणठणीत आहेत!"

"अहो, हळू बोला! बरं, उजवा चालेल का?"

"डेसमंड, मला काहीही झालेलं नाही! मी खेळणार!"

हे मी जरा मोठ्याने बोललो असेन. कारण मागून एक शांत आवाज आला, "मिस्टर टॅपर, माझ्याकडे बघा बरं." ती डॉक्टर ब्रूम, एक्झेटरहून आलेली तरुण पोरगी. दोन्ही संघांपैकी कोणाचीच नाही, त्यामुळे तिला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. तिला दिसलं ते एवढंच, की एका लालबुंद माणसाला स्वतःचा कोणता पाय दुखतो हे ठरवता येत नाही, आणि तो पाणी देणाऱ्यावर खेकसतो आहे.

"डोक्याला मार लागलाय का?"

"नाही!"

"लागलेला प्रत्येकजण असंच म्हणतो," ती म्हणाली आणि पंचाला खूण करून मला दंडाला धरून कडेला घेऊन गेली. तिथे डोक्याच्या तपासणीचे ठरलेले प्रश्न असतात. सोपे, शाळेतल्या पोरालाही येतील असे.

"आपण आत्ता कुठल्या मैदानावर आहोत?"

"टॉमकिन्सच्या कुरणात."

तिच्या भुवया वर गेल्या. मैदानाला दोन वर्षांपूर्वी एका खिडक्यांच्या कंपनीचं नाव दिलं आहे, ते तिच्यामागे भल्यामोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. पण मी ते नाव घेत नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे! माझा आजा ज्याला टॉमकिन्सचं कुरण म्हणायचा, त्याला मी खिडकी म्हणू?

"शेवटचे गुण कोणी केले?"

"मला माहीत नाही. मी तेव्हा जर्सी ताणत होतो."

"बरं. याआधीचा सामना तुम्ही कोणाशी खेळलात?"

आता खरं ते सांगितलं पाहिजे. डॉक्टरशी खोटं बोलू नये. माझा याआधीचा सामना म्हणजे तिसऱ्या संघातून खेळलेला शेवटचा.

"बीअरच्या कारखान्याच्या संघाशी."

"आणि जिंकलात?"

"नाही. अर्ध्यावर मैदानात गाई आल्या."

डॉक्टरने माझ्या दंडावरचा हात आणखी मऊ केला. "गाई," ती म्हणाली.

"काळ्या-पांढऱ्या! विचारा कोणालाही! डेसमंड, सांग हिला!"

डेसमंडने एकदा गेथिनकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि आपल्या आयुष्यातलं सगळ्यात दुःखी तोंड केलं. "डॉक्टर, दाजी सकाळपर्यंत अगदी बरे होते हो!"

संपलं! माझा खेळ संपला. मी ओरडलो, पाय आपटले, दोन्ही पाय ठणठणीत आहेत हे दाखवायला जागच्या जागी उड्या मारल्या. जितका ओरडलो तितकी ती जास्त चिंतेत पडली. पंचाने हात वर करून जाहीर केलं: यापुढे स्क्रममध्ये रेटारेटी नाही. ऑटरकोम एक माणूस कमी. हार्टलबीवाल्यांना समोरासमोर नुसतं टेकायला लागलं, आमच्या चौदा जणांनी दात-ओठ खाऊन शेवटची मिनिटं काढली, आणि आम्ही दोन गुणांनी जिंकलो!

सगळं गाव मैदानात धावलं. गेथिन माझ्या गळ्यात पडला, म्हणजे पोटावर आदळला. "मॉरिस! गाई! अरे, गाई तुला सुचल्या कशा?"

"सुचल्या नाहीत! खरंच आल्या होत्या!"

"बघा, अजून सोडत नाही!" तो सगळ्यांना ओरडून सांगू लागला. "मी नुसता पाय धर म्हटलं, तर या माणसाने डॉक्टरला फसवलं! आधी 'मला काही झालेलं नाही' म्हणायचं, वा! याला म्हणतात डोकं!"

क्लबच्या दिवाणखान्यात मी खुर्चीवर चढून भाषण केलं. मी रेटलं! तो पहिला स्क्रम मी थोपवला! ती पेनल्टी माझी! प्रत्येक वाक्याला हशा आणि टाळ्या. अध्यक्षांनी माझ्या गळ्यात हिरवा-तपकिरी टाय बांधला आणि म्हणाले, "ऑटरकोमच्या इतिहासातल्या सर्वोत्तम अभिनयासाठी!" मी टाय उपटून त्यांच्या अंगावर फेकणार होतो. पण गाठ घट्ट होती.

"दाजी," डेसमंड डोळे पुसत म्हणाला, "माझा दात गेला तेव्हा मलाही असलं काही सुचलं नाही हो."

आणि एवढं सगळं होऊन मला बीअर नाही! डोक्याला मार लागलेल्याने दारू प्यायची नाही, ही डॉक्टरची ताकीद. जॅनिस माझ्यासमोर संत्र्याच्या सरबताचा ग्लास ठेवून पहारा देत बसली. तिलाही खरं पटेना. "तू आपला शांत बस हं, मॉरिस," असं ती ज्या सुरात म्हणाली, त्या सुरात ती आमच्या मांजराशी बोलते.

मग मला आठवलं की या जगात एक साक्षीदार आहे! आमच्याकडे सामन्यानंतर पाहुणा संघ तिथेच जेवतो. कॅलम कोपऱ्यात सॉसेज आणि कुस्करलेला बटाटा खात बसला होता. मी त्याच्यासमोर जाऊन बसलो. त्याच्यासाठी बीअर मागवली, समोरच्या प्रॉपला पाजायचा रिवाजच आहे.

"पोरा," मी म्हटलं, "इथे कोणाचा माझ्यावर विश्वास नाही. पण तू तर समोर होतास. उठ, आणि सांग या सगळ्यांना, की मी तुला रेटलं!"

कॅलमने सुरी-काटा खाली ठेवला. इकडेतिकडे पाहिलं. त्याचे गाल आणखी गुलाबी झाले.

"काका, तुम्ही पार वाकडे शिरला होतात. मी रेटलं असतं तर तुमची मान गेली असती. म्हणून मी तुम्हाला वर धरून ठेवलं. वजन फार हो तुमचं! धरता धरता मीच वर उचकटलो, तो नियमभंग, आणि पंचाने मला पकडलं." त्याने आवाज आणखी खाली आणला. "आमच्या प्रशिक्षकाला हे कळलं तर माझी धडगत नाही. सांगणार नाही ना?"

एकवीस-बावीसचं पोर ते. सामना हातचा घालवून माझी मान वाचवली, आणि वर मलाच गयावया करत होतं! असा राग आला म्हणता मला! पण तो कोणावर काढायचा तेच कळेना.

"नाही सांगणार," मी म्हटलं. "तू जेव."

मी उठलो आणि परत आमच्या घोळक्यात आलो. गेथिन अजून गाईंवर हसत होता. डेसमंडने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पहिल्यांदाच जरा गंभीर होऊन विचारलं, "दाजी, आता खरं सांगा. खरंच रेटलं होतंत का हो?"

मी टाय सरळ केला, सरबताचा एक घोट घेतला.

"छे रे," मी म्हटलं. "सगळा अभिनय!"