तेहतीस टक्के रानकुत्रे

सेमाडोहच्या पलीकडच्या, व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातील रानकुत्र्यांवर आलेला रोग कार्यालयाने शंभर टक्के आटोक्यात आणला. हे आपण अजून ऐकलेलेच नाही, असे धरून पुढे जाऊ.

दामिनी चांदूर बाजारची. वन्यप्राण्यांच्या रोगांवर संशोधन करायची, म्हणजे दोन वर्षे रानकुत्र्यांची विष्ठा डब्यांत भरून एसटीने अमरावतीला आणायची. शेजारच्या बाईने विचारले की डब्यात लोणचे आहे म्हणायची. यंदा अकरांच्या टोळीतला एक रानकुत्रा नाल्याकाठी मेलेला सापडला. गावातल्या कुत्र्यांचा डिस्टेंपर हा साथीचा रोग जंगलात शिरला होता. उपाय सोपा होता, गावकुत्र्यांना लस टोचायची. लसही होती. अमरावतीच्या एका सरकारी कार्यालयातल्या फ्रीजमध्ये, दोनशे मात्रा. ती बाहेर काढायला फक्त पंचनामा हवा होता.

पंचनामा त्याच कार्यालयातल्या वामनरावांकडे. बावीस वर्षे अतिवृष्टीत झोपलेल्या कपाशीचे पंचनामे करून ते नुकतेच बदलून आले होते. रोगाने मेलेल्या जंगली जनावराचा छापील नमुना कार्यालयात नव्हता. त्यांनी पिकाचा काढला आणि ‘पिकाचे नाव’ या रकान्यात वळणदार अक्षरात ‘रानकुत्रा’ लिहिले.

“बागायती का जिरायती?”

“काका, ते जंगलात असतात.”

“मंग जिरायती टाकतो.”

पेरणीच्या तारखेपाशी ते जरा अडले. पिल्ले हिवाळ्यात होतात असे दामिनीने सांगताच त्यांनी समाधानाने ‘रब्बी’ लिहिले आणि टक्केवारी काढली.

“अकरातून एक गेला. नऊ टक्के. तेहतीसच्या खाली नुकसान धरता येत नाई, म्याडम.”

“म्हणजे अजून मरायची वाट पाहू?”

“मी कायले तसं म्हनू? चार झाले की या. छत्तीस बसते.”

बारा दिवसांनी टोळीतला चौथा बळी गेला, एक मादी. त्या सकाळी दामिनीला क्षणभर हायसे वाटले. मग स्वतःचीच लाज वाटली, पण एसटी गाठायची असल्याने तिने ती नंतरसाठी ठेवली.

वामनरावांनी चहा मागवला. नुकसान बहात्तर तासांत कळवावे लागते, हे त्यांनी लेकीला समजावावे तसे समजावले. मधले दोघे मुदतीबाहेर गेले होते. पहिल्याचे तर वेळेत कळवले होते, असे ती म्हणाली, तर तो अर्ज अपात्र ठरून निकाली निघाला होता. राहिली एक मादी. कॅल्क्युलेटरवर पुन्हा नऊच टक्के आले.

“चौघं संगंच मेले असते ना, तं आजच फ्रीज उघडून देल्लं असतं,” वामनराव मनापासून हळहळले.

वामनरावांच्या साहेबांनी तिचे सगळे ऐकून घेतले आणि संशोधकांनी मृत्यूंचे योग्य नियोजन करावे, असा शेरा मारला. उरलेल्या सातांनी तो मनावर घेतला असावा. सातही जण तीन दिवसांत, म्हणजे मुदतीत, मेले.

प्रस्ताव त्याच दुपारी मंजूर झाला. मात्र टोळीत लाभार्थी हयात नसल्याने लस फ्रीजमध्येच राहिली. पुढच्या महिन्यात नवे रुग्ण शून्य. रोग आटोक्यात आल्याचे पत्रक निघाले आणि वामनरावांना शाल मिळाली.

अकोटच्या बाजूच्या जंगलात मात्र नऊ रानकुत्र्यांची आणखी एक टोळी होती, अजून धडधाकट. दामिनीने ते प्राध्यापकांना सांगितले, वार्ताहराला सांगितले, मावशीलाही सांगितले. सगळ्यांनी कळवळून ऐकले आणि शेवटी एकच प्रश्न विचारला. तेव्हा तिने नवा अर्ज लिहिला, तो असा:

“विषय: नऊ रानकुत्रे जिवंत असतानाच गावकुत्र्यांना लस मिळणेबाबत.

महोदय, सर्व कागदपत्रे सोबत जोडली आहेत. तरी हा मजकूर वाचणाऱ्या प्रत्येकाने, तो वाचून झाल्याबरोबर, ‘पण वाघ बरे आहेत ना?’ असे कृपया विचारू नये, ही नम्र विनंती.”