सुधाकरच्या बर्फाच्या बाटल्या

शेजारचा सुधाकर रोज सकाळी माझं दार बडवतो. मी उघडेपर्यंत बडवतो. आत शिरून माझ्या फ्रीजमधल्या गोठलेल्या बाटल्या काढतो, पाण्याने भरलेल्या दुसऱ्या ठेवतो आणि चालू लागतो. संध्याकाळी परत हजर. बर्फ प्यायला नाय लागत त्याला. जनावरांच्या बाळंतपणाला लागतो.

जनावरं म्हणजे त्याच्या पुतण्याने मुंबईहून आणून दिलेली जोडी. ॲक्सोलॉटल म्हणतात. मला विचाराल तर पालीला गलमिशा चिकटवून पाण्यात सोडलंय.

सुधाकरची सगळी नोकरी धाटावच्या केमिकल कंपनीत गेली. लग्न केलं नाय. रिटायर झाला, पण तोंडातली कंपनी सुटली नाय. "टेंपरेचर खाली आलं की प्रोसेस चालू होते, नाना." रोह्याच्या उकाड्यात त्या नवरानवरीला थंडी पाहिजे, म्हणून टाकीत बाटल्या. याच्या स्वतःच्या फ्रीजला म्हणे बर्फ धरत नाय. मी खोकलो तरी भिंत ठोकतो, नवरी बिचकते म्हणून.

एकदा मला ओढत नेऊन दाखवलं. नर मादीला धरत नाय, काय नाय. दगडावर बीजाचा पांढरा ठिपका ठेवतो आणि पुढे जातो. ती मागून येऊन उचलते.

म्हटलं, "यात बघायचं काय? मीपण बाजाराची पिशवी उंबऱ्यात ठेवून पुढे जायचो. आमची बायको उचलायची."

"वैनी वर चार शिव्या द्यायच्या," सुधाकर म्हणाला. "ही मुकी हाय."

खरं बोलला. म्हणून जास्त राग आला.

मग मादीने पानापानावर अंडी चिकटवली. आईबापच ती खातात, म्हणून याने पानांसकट दुसऱ्या टबात हलवली. आता टबालाही थंडी. परवा जास्तीची बाटली मावेना, तर याने माझ्या बर्फाच्या खणातली पिशवी काढून ओट्यावर ठेवली आणि विसरून गेला.

पिशवीत सोललेले वाल होते. आजारी पडायच्या आधी आमचीने बिरड्यासाठी सोललेले. मी ते शिजवत नाय, कोणाला हात लावू देत नाय.

बाहेरून मऊ पडलेली पिशवी घेऊन त्याच्या घरात घुसलो. "तुझ्या पाली गटारात ओततो बघ. तिच्या हातचे शेवटचे वाल हायत हे."

सुधाकरचा चेहरा उतरला. त्याने पिशवी हिसकावली, धावत जाऊन स्वतःच्या फ्रीजचा वरचा खण उघडला आणि आत ठेवली.

खणात बर्फाचा थर चढला होता. आत एक बाटली नाय. सगळी जागा मोकळी.

"बर्फ धरत नाय ना रे तुझ्याकडे?"

तो टबातल्या अंड्यांकडे बघत बसला. म्हणाला, "वैनी गेल्या, तवापासून तू दुपारपर्यंत दार उघडत नव्हतास. नुसती चौकशी करायला आलो असतो तर हाकललं असतंस."

हाकललंच असतं.

वाल त्याच्याच खणात राहू दिले. निघताना त्याला बजावलं, "उद्या उशिरा आलास तर दार उघडणार नाय."