नव्वद टनी टँकर

नव्वद टन वजनाचं, चार मजली उंच पोलादी यंत्र तुमच्या ताब्यात दिलं, त्यावर हवी ती शस्त्रं लादायची मुभा दिली आणि समोर शत्रू उभा केला, तर तुम्ही काय कराल? तोफ बसवाल. क्षेपणास्त्रं बसवाल. अगदीच भित्रे असाल तर चिलखत वाढवाल. आमच्या इरण्णाने त्यावर पाण्याची टाकी बसवली.

पृथ्वीच्या पाठीवर असा दिवटा एकच निघाला आणि तो नेमका जुळे सोलापुरात, माझ्या खालच्या मजल्यावर राहतो.

हा खेळ ऑनलाइन आहे. चालत्या राक्षसी यंत्राच्या डोक्यात बसायचं आणि तशाच दुसऱ्या यंत्राची हाडं मोडायची. या यंत्रांना मेक म्हणतात. लढाईआधी टनाला टन जुळवून आपल्या मेकवर काय लादायचं ते ठरवावं लागतं, आणि अर्धी लढाई तिथेच जिंकली किंवा हरली जाते. तोफा फार झाल्या की मेक तापतो. तापला की जागच्या जागी बंद पडतो आणि पुन्हा सुरू होईपर्यंत शत्रू त्याची भाजी करतो. म्हणून शहाणी माणसं थोडं थंडावा देणारं पाणी सोबत ठेवतात. थोडं! इरण्णाने टाकीभर घेतलं, वर ते दुसऱ्याच्या मेकवर फवारायला पाइपही घेतला. उरलेल्या वजनात एक बंदूक कशीबशी मावली. तिची गोळी लागली की शत्रू मागे वळून बघायचा, कुणी हाक मारली की काय म्हणून.

इरण्णाचा धंदा कूलर दुरुस्तीचा. वय पंचावन्न, मूळ अक्कलकोटकडचा, घरात एकटा. जगातल्या यच्चयावत गोष्टींचं निदान तो हाताचा पंजा उलटा लावून करतो. टीव्ही, स्कूटर, पिठाची गिरणी, सगळ्यांच्या पाठीला पंजा. एका लग्नात त्याने वाजणाऱ्या स्पीकरला पंजा लावला आणि बँडवाल्यांना दहा मिनिटं थांबवलं. वरातीचा घोडासुद्धा त्याने तपासला असं मी सगळीकडे सांगतो. ते फारसं खोटं नाही. सोसायटीच्या सभेत पार्किंगवरून दोघे एकमेकांच्या गळ्याला हात घालायच्या बेतात होते, तर हा उठला आणि टेबलफॅन त्यांच्याकडे वळवून परत येऊन बसला. वर मला म्हणतो, "गरम झालं की सगळंच बिघडतंय की, सर."

त्याला या खेळाचा नाद मीच लावला. माझ्या कॉम्प्युटरचा पंखा घरघरत होता म्हणून त्याला वर बोलावलं होतं. पडद्यावर माझा मेक एकाच वेळी तिघांशी झुंजत होता. इरण्णाने ना शत्रू बघितले, ना स्फोट.

"सर, ही कोपऱ्यातली लाल पट्टी कशाची?"

"मेक तापल्याची."

"अय्यय्यो! आनि तुमी तसंच पळवताय त्याला?"

दुसऱ्या आठवड्यात त्याने जुना कॉम्प्युटर आणला, त्याला चार जादा पंखे बसवले आणि आमच्या टोळीत शिरला. टोळी म्हणजे मी, कॉलेजात भूगोल शिकवणारा, आणि आमचा कॅप्टन अल्ताफ. अल्ताफचं मोटारसायकलच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी तो कानाला हेडफोन लावून लढू शकतो.

अल्ताफने त्याला पहिल्याच दिवशी धडे दिले. "देखो चाचा, मार सामने से आता. तो चिलखत सामने जादा, पीठ पे कम. और कंबर घुमाते रहना. एक गोला डावे खांदे पे, दुसरा उजवे पे. एकीच जगह खाए तो खतम."

इरण्णाने हे सगळं वहीत लिहून घेतलं आणि त्यातलं कंबर फिरवणं तेवढं शिकला. बाकी त्याचं युद्धशास्त्र स्वतंत्र होतं. आम्ही टेकडी बळकावायला धावायचो, हा नाला शोधायचा. सापडला की म्हशीसारखा त्यात उतरायचा आणि तिथून पुकारा करायचा, "पाणी हाय ओ हितं! या की दोगंबी!" त्याचा मेक एवढा संथ की एकदा त्याच्या आधी नकाशावरची सावली पुढे सरकली. आम्ही त्याला टँकर म्हणायचो. तोंडावर म्हणायचो. तो हसायचा.

माझा लोडआउट, म्हणजे मेकवर लादलेला शस्त्रांचा संच, मात्र मर्दाचा: दोन मोठ्या तोफा, चार क्षेपणास्त्रं, आणि सगळं एकदम डागायचं. तरी माझा मेक कधी बंद पडला नाही. त्यात इरण्णाच्या पाइपचा काही हात असेल अशी शंका मी स्वतःला येऊ दिली नाही. हा माझ्या कौशल्याचा भाग आहे, असं मी वर्गात अक्षांश शिकवताना दोनदा सांगितलं आहे.

डिसेंबरात आम्ही वरच्या श्रेणीत जायच्या उंबरठ्यावर आलो. एक लढाई उरली, रविवारी दुपारची. अल्ताफने मला फोन केला.

"सर, चाचाकू बोलो, टाकी निकालो और बडी तोफ लगाओ. नहीं तो नक्को अपने में. मेरेकू दुसरा आदमी मिलता."

"तू का नाही सांगत?"

"मेरेकू शरम आती ना!"

मला शरम वगैरे येत नाही, म्हणून मी इरण्णाच्या दुकानात गेलो. डिसेंबरात कूलरवाल्याचं दुकान बघण्यासारखं असतं. गवताच्या ताट्यांची थप्पी, मोटारींवर धूळ, आणि मधोमध स्टुलावर मालक. सोलापूरची थंडी म्हणजे सकाळी पावणेसात ते सात. तरी हा भरदुपारी माकडटोपी घालून बसला होता. समोर फोन, आवाज पूर्ण मोठा.

मी निरोप सांगितला. मास्तरकीची सवय, त्यामुळे थोडा अपमानही आपणहून घातला.

इरण्णा बराच वेळ एका मोटारीची धूळ पुसत राहिला. मग म्हणाला, "टाकी काडली तर ठेवता न्हवं मला?"

"तोफ बसवली तर."

"बसवतो की. त्यात काय." फोनकडे बोट करून तो म्हणाला, "एप्रिलात ह्यो दिवसाला शंबरदा वाजतोय, सर. कलेक्टरबी इरण्णा म्हनून हाक मारतोय. पाऊस पडला की गप. आता तुमचं दोगांचंच वाजतंय."

कलेक्टरचं ऐकून मला हसू आलं. थापा मारायचा हक्क आमच्या इमारतीत माझा आहे.

रविवार उजाडला. इरण्णाच्या मेकवर खरंच नवी तोफ होती, विजेच्या खांबाएवढी. "अब आया मर्द!" अल्ताफ ओरडला. इरण्णा नेहमीसारखा हसला नाही.

लढाई तासभर चालली असं मी सांगतो. खरं तर आठ मिनिटं. शेवटी त्यांचे दोन उरले, आमचे तिघेही उभे. विजय हातातोंडाशी आला होता. मी थाटात पुढे झालो आणि सगळं एकदम डागलं.

लाल पट्टी टोकाला गेली. माझा मेक बंद.

"इरण्णा, फवारा!" मी बोंबललो, आणि मग आठवलं की टाकी मीच काढायला लावली होती.

दोन्ही शत्रू माझ्यावर वळले. तेवढ्यात माझ्यापुढे काहीतरी डुलत आलं आणि आडवं उभं राहिलं. नव्वद टन.

"चाचा, मारो!" अल्ताफ दुरून ओरडत होता. "तोफ मारो ना! कायकू रुके?"

इरण्णाने तोफ मारली नाही. तो नुसती कंबर फिरवत राहिला. एक गोळा डाव्या खांद्यावर, एक उजव्या. डावा हात गळून पडला, मग उजवा. हेडफोनमध्ये त्याचा आवाज शांत होता. "होऊ द्या थंड, सर. हाय मी हितं. सावकाश."

माझा मेक सुरू झाला तेव्हा त्याचा कोसळला. मी घाईघाईने तोफा डागल्या त्या शेजारच्या डोंगराला लागल्या. मग मी गेलो, मग अल्ताफ. हरलो. माझ्यामुळे. कॉलेजात मी नेट गेल्याचं सांगितलं.

पडद्यावर निकालाचा तक्ता आला. इरण्णाच्या नावापुढे डागलेले गोळे: शून्य.

"चाचा," अल्ताफ म्हणाला, "एक भी नहीं मारा?"

"नेम कुटं धरता येतोय मला? तुमाला लागला असता एखादा," इरण्णा म्हणाला. "तुमी मला काडू नका म्हनून बसवली."

अल्ताफच्या दुकानात कुणीतरी ब्रेकशू मागत होतं, तेवढं ऐकू आलं.

"चाचा, वो टाकी फेंके तो नहीं ना?"

"न्हाय की. ठिवलीय."

"कल लगाके आओ. जल्दी आओ. हर बार लेट होते तुम."

त्यानंतर जानेवारीत, अंगावर दोन पांघरुणं असताना, मी इरण्णाला फोन लावला. पहिल्या घंटीला उचलला.

"कूलर बघून जा जरा," मी म्हणालो.

"आत्ता? काय झालंय त्याला?"

"आवाज करतोय."

कूलर ऑक्टोबरपासून बंदच होता. इरण्णा दोन मिनिटांत जिना चढून आला. त्याने कूलर पूर्ण उकलला, पंप धुतला, बाल्कनीभर चिखल केला, तीन कप चहा प्यायला आणि दोन तास बोलत राहिला. जाताना म्हणाला, "सर, काय बी झालं न्हाय त्याला."

"नीट बघितलं का?" मी आवाज चढवून म्हणालो. "पुढच्या आठवड्यात पुन्हा येऊन बघा."