उजवीकडचा माल

बाईंनी वाचलेलं विज्ञानाचं अख्खं पुस्तक नानांनी जेवणानंतर पुसून टाकलं, आणि तेही नीटनेटकेपणाच्या हौसेपायी.

पुस्तक आवाजातलं होतं. बाई निवृत्त शिक्षिका. अंध मुलांच्या शाळेसाठी त्या रोज एक धडा फोनवर रेकॉर्ड करत. त्यांचे यजमान नाना जन्मभर कारखान्यात स्टोअरकीपर होते. निवृत्तीनंतर धडे सांभाळायचं खातं त्यांच्याकडे आलं. जावयांनी त्यासाठी कॉम्प्युटरवर एक फुकट मिळणारा प्रोग्राम टाकून दिला होता. त्यात एकाच खिडकीत शेजारी शेजारी दोन कप्पे दिसत. डावीकडे फोन, उजवीकडे पेन ड्राइव्ह. एफ-सहाचं बटण दाबलं की धडा इकडून उचलून तिकडे. माल कुठून निघाला आणि कुठे पोचला, दोन्ही एकदम डोळ्यांसमोर. नाना त्या प्रोग्रामवर बेहद्द खूश होते.

त्या दुपारी मात्र नजरचुकीने डावीकडेही पेन ड्राइव्हच उघडला गेला. दोन्ही कप्प्यांत तेच धडे, त्याच क्रमाने. एकच माल दोन ठिकाणी पडलेला पाहून नानांचा हात शिवशिवला. त्यांनी उजवीकडचे सगळे धडे निवडले आणि एफ-आठ दाबलं. कायमचे काढायचे का, असं प्रोग्रामने अदबीने विचारलं. नानांनी ठणकावून होकार दिला. उजवा कप्पा रिकामा झाला. डावाही झाला.

नानांनी हळू आवाजात जावयांना फोन लावला.

"जावईबापू, मी उजवीकडचा माल काढला, तर डावीकडचाही गेला हो."

"नाना, डावीकडे वरती काय लिहिलंय?"

"पेन ड्राइव्ह."

"आणि उजवीकडे?"

"तेच."

"मग ते एकच आहे ना!"

"एकच कसं? मला चांगले दोन दिसत होते."

जावयांनी आवाज मऊ केला. सासऱ्यांशी बोलताना तो तसा ठेवावाच लागतो.

"नाना, आता त्या पेन ड्राइव्हवर काही म्हणजे काही ठेवू नका. मी अर्धी रजा टाकून येतो. धडे बहुतेक परत मिळतील. आईंना सांगितलंत?"

"वेड लागलंय का मला?"

तेवढ्यात बाहेरून हाक आली. "अहो, शाळेचे मास्तर संध्याकाळी येतायत! मुलांची परीक्षा तोंडावर आलीय. सगळं तयार आहे ना?"

"आहे की!" नाना म्हणाले, आणि त्यांना घाम फुटला.

बाईंचा घसा आधीच बसलेला. पुन्हा सगळं वाचा, असं त्यांना कुठल्या तोंडाने सांगायचं? नानांनी दार लावलं, स्वतःचा फोन समोर ठेवला, पुस्तक उघडलं आणि शरीरातल्या अवयवांपासून सुरुवात केली. जन्मात मोठ्याने धडा वाचला नव्हता. स्टॉक मात्र वाचला होता.

"जठर. एक नग. यकृत. एक नग, वजनदार. लहान आतडं. नावालाच लहान, लांबी भरपूर." नाना रंगात आले. "मूत्रपिंडं. दोन नग. दिसायला अगदी सारखी. पण मुलांनो, सारखी दिसतात म्हणून त्यातलं एक काढून टाकायचं नाही. फार पस्तावा होतो."

दार उघडलं. बाई उभ्या होत्या.

"काय काढून टाकलंत?"

नानांनी सगळं सांगितलं. बाई खुर्चीवर बसल्या आणि तोंडाला पदर लावून गदगदा हसत सुटल्या.

"अहो, मी रोजचा धडा रोज फोनवरून मास्तरांना पाठवते. मुलं कधीची ऐकतायत. मास्तर येतायत ते पुढचं पुस्तक द्यायला. तयार आहे ना, हे आपलं तुमच्या खात्याचा मान राखायला विचारलं."

"मग माझ्याकडे पेन ड्राइव्हवर कशाला रचायला देत होतीस?"

"निवृत्त झालात आणि माझ्या स्वयंपाकघराचं स्टोअर केलंत. मीठ मागितलं की 'कशासाठी हवंय' विचारायचात. तुम्हाला तुमचं स्वतःचं काहीतरी हवं होतं. त्या प्रोग्रामचे फार उपकार आहेत हो माझ्यावर."

नाना जरा फुगले. मग त्यांना आठवलं, की पुस्तक शाबूत आहे. फुगणं त्यांनी लांबणीवर टाकलं.

"थँक्यू," ते म्हणाले. लग्नानंतर हा शब्द घरात फारसा वापरात आला नव्हता, त्यामुळे दोघंही अवघडले.

इतक्यात बेल वाजली. दारात धापा टाकत जावई. खांद्याला लॅपटॉप, कपाळावर घाम. "साहेबांनी सोडायला फार कुरकुर केली. कुठाय पेन ड्राइव्ह? काही ठेवलं नाहीत ना त्यावर?"

बाईंनी तोंड उघडलं. नानांनी त्यांच्याकडे पाहिलं. बाईंनी ते मिटलं.

जावई पाणीही न घेता कामाला बसले. बराच वेळ खटपट चालली. मग एकेक धडा परत दिसू लागला आणि जावयांचा चेहरा उजळत गेला.

"आले, नाना! सगळे आले!"

"जावईबापू," नाना त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तुम्ही होतात म्हणून पुस्तक वाचलं."

"खरंच हो," बाईंनी बसक्या आवाजात दुजोरा दिला, आणि चहा टाकायला उठल्या.